लग्नपत्रिका घरी करावी, छपाई तेवढी बाहेर द्यावी

माझे लग्न मार्गशीर्षात, गावी घरासमोरच्या मांडवात करायचे ठरले आहे. पत्रिका घरीच तयार करावी असे मला आणि माझ्या धाकट्या भावाला वाटते. घरात रंगीत प्रिंटर आहे आणि भावाचा हात चित्रकलेत बरा आहे. वडिलांना भीती वाटते, की घरी केलेली पत्रिका पाहून लोक चिक्कूपणा म्हणतील. आई म्हणते, आपल्याकडच्या दमट हवेत कागद धड राहणार नाही. काकांचा आग्रह आहे, की भावकीतली सगळी नावे आलीच पाहिजेत. पत्रिका साधारण 400 लागतील. हे काम घरी होण्यासारखे आहे का, आणि सुरुवात कोठून करावी?
एक वाचक, देवगड तालुका

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते आणि कारणे मागाहून सांगते. पत्रिका घरी अवश्य करा, मात्र तिची छपाई घरी करू नका. मजकूर ठरवणे, अक्षरांची मांडणी, भावाचे चित्र, घड्या घालणे, पाकिटे भरणे, पत्ते लिहिणे आणि शेवटी हळदकुंकू लावणे ही सगळी कामे घरची. कागदावर शाई उतरवण्याचे काम तेवढे देवगडच्या किंवा कणकवलीच्या छापखान्याकडे सोपवावे. पत्रिका घरची आहे हे तिच्या मजकुरावरून आणि तिच्यावर फिरलेल्या हातावरून कळते; ती कोणत्या यंत्रातून निघाली हे पाकीट उघडणारा विचारत नाही. घरच्या छोट्या प्रिंटरवर शेकडो जाड कागद काढायला बसलात, तर कागद तिरके ओढले जाणार, शाई संपत आली की रंग बदलणार, आणि ऐन लग्नघाईत घरातली दोन माणसे त्या यंत्रापाशी अडकून पडणार. घरच्या प्रिंटरचा खरा उपयोग नमुने काढून पाहण्यासाठी आहे आणि त्यासाठी तो पुष्कळ उपयोगी पडेल.

आता 400 या आकड्याकडे पाहू. हा आकडा बहुधा माणसांच्या अंदाजावरून आलेला आहे. पत्रिका माणशी जात नाही, चुलीमागे जाते. एक वही घ्या आणि एका ओळीत एक चूल अशी यादी लिहायला लागा. एकाच घराच्या तीन पडव्यांत तीन भाऊ वेगवेगळे राहत असतील, तर तेथे तीन पत्रिका द्याव्या लागतील, कारण थोरल्याच्या पत्रिकेत धाकट्याचे बोलावणे आले असे धाकटी जाऊबाई मानणार नाही. उलट मुंबईत एकत्र राहणारे आईवडील आणि मुलगा-सून यांना एक पत्रिका पुरते. अशी यादी झाली, की आकडा बराच खाली येतो. कार्यालयातले सहकारी, महाविद्यालयातले मित्रमैत्रिणी, दूरचे परिचित यांना पत्रिकेचे चित्र मोबाइलवर पाठवून सोबत एक फोन केलात तरी कोणी वाईट मानत नाही. कागदी पत्रिका 220 च्या आसपास निघाल्या असे समजून पुढचे लिहिते. तुमचा आकडा वेगळा आला, तर त्या प्रमाणात बदल करून घ्या.

यानंतर येतो मजकूर, आणि घरी पत्रिका करणाऱ्यांची सर्वाधिक दमछाक कागदावर नव्हे, येथेच होते. तयार कार्डावर छापून घेताना छापखान्याकडे ठरलेला साचा असतो आणि माणसे त्यात नावे भरून मोकळी होतात. तुम्ही साचा बाजूला ठेवलात, की प्रत्येक ओळ घरात चर्चेला येते. म्हणून कागद विकत घेण्याच्या आधी मजकूर कायम करावा आणि त्यावर वडिलांची व काकांची संमती घ्यावी.

काकांचा आग्रह मला गैर वाटत नाही. आपल्याकडे गावात पत्रिका दोनदा वाचली जाते: पहिल्यांदा तारीख आणि वेळ पाहण्यासाठी, आणि दुसऱ्यांदा खालची नावे पाहण्यासाठी. कोणाचे नाव आले आणि कोणाचे राहिले यावरून भावकीतले संबंध जोखले जातात, आणि राहिलेले नाव पुढची कित्येक वर्षे ऐकावे लागते. परंतु आवडीनुसार पाच नावे घेणे आणि तीन सोडणे हा मार्ग सर्वांत वाईट. नियम एकच करा आणि तो पिढीवर बेतलेला असू द्या. आजोबांच्या पिढीतील हयात असलेली सर्व माणसे आणि वडिलांच्या पिढीतील सर्व भाऊ-बहिणी यांची नावे घ्यावीत, त्याखालच्या पिढीसाठी आडनावासह ‘समस्त परिवार, मुंबई व ग्रामीण’ एवढेच लिहावे. वडिलांच्या पिढीतील बहिणी असे मी मुद्दाम म्हटले, कारण लग्न होऊन गेलेल्या आत्यांची नावे निमंत्रकांत सर्रास गळतात, आणि मांडवात सगळ्यांच्या आधी येऊन कामाला लागतात त्या आत्याच. घरातील एखादी आजी किंवा काकू विधवा असेल, तर तिचे नाव ‘श्रीमती’ लावून इतरांच्या बरोबरीने, वयाच्या क्रमाने घ्यावे. तिला यादीच्या शेवटी ढकलण्याची जुनी रीत घरच्या पत्रिकेत तरी नको. नावे वीसच्या वर गेली, तर ती आतल्या पानावर कोंबू नका. पत्रिकेच्या मागच्या बाजूस सुबक दोन रकान्यांत मांडा. काकांचे समाधान होईल आणि आतले पान मोकळे राहील.

मुख्य मजकुरासाठी फार कल्पकता दाखवू नये असे माझे मत आहे. वर ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’, त्याखाली कुलदैवत आणि ग्रामदैवत. मग ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ या शब्दांनी सुरू होणारे ते परिचित वाक्य, ज्यात वधूचे आणि वराचे नाव, दोघांच्या आईवडिलांची नावे, तिथी, वार, दिनांक आणि मुहूर्त येतो. हे वाक्य लांबलचक असते, पण वडीलधाऱ्या वाचकांचे डोळे त्याला सरावलेले असतात आणि हवी ती माहिती ते त्यातून बिनचूक उचलतात. तुमचा स्वतःचा सूर लावायचाच असेल, तर तो त्या वाक्याखालच्या दोन-तीन ओळींत लावा. बहुतेक पत्रिकांत वडिलांची पूर्ण नावे आणि आयांची नुसती ‘सौ. व श्री.’ यातली ‘सौ.’ असते. तुम्ही दोन्ही आयांची नावे पूर्ण लिहा. एवढ्या एका बदलाने पत्रिका तुमची वाटेल. ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ ही बाळगोपाळांची ओळ ठेवायची असेल तर ठेवा, मात्र तिच्याखाली अकरा नावे नकोत. आहेर न स्वीकारण्याची ओळ घरातल्या सर्वांचे त्यावर खरोखर एकमत असेल तरच छापा, कारण पत्रिकेवर एक आणि मांडवात दुसरे असे झाले, की पाहुण्यांची पंचाईत होते.

तपशिलांत तीन गोष्टी नेहमी चुकतात. तिथी, वार आणि दिनांक यांचा मेळ पंचांगावरून घालून पाहावा, आणि मुहूर्ताची वेळ गुरुजींकडून तोंडी न घेता लिहून घ्यावी. दुसरी गोष्ट पत्त्याची. मुंबईहून प्रथमच येणाऱ्या व्याह्यांच्या नातेवाइकांना गावाचे नाव पुरत नाही. वाडी, जवळचा एसटी थांबा, जवळचे रेल्वे स्थानक (तुमच्या तालुक्याला स्वतःचे स्थानक नसल्यामुळे कणकवली, नांदगाव किंवा वैभववाडी यांपैकी सोयीचे) आणि तेथून पुढे कसे यायचे, हे दोन ओळींत लिहावे. नकाशासाठी क्यूआर कोड घालणार असाल, तर तो निदान दोन सेंटिमीटर रुंद ठेवा, गुळगुळीत जागी छापा आणि छापील नमुन्यावरून दोन वेगवेगळ्या मोबाइलवर तपासून पाहा. तिसरी गोष्ट संपर्काच्या क्रमांकांची. क्रमांक घरातल्या मोठ्या माणसाचा म्हणून देऊ नका. लग्नाच्या दिवशी गावात ज्याच्या मोबाइलला खरोखर रेंज मिळते आणि जो फोन उचलतो, त्याचा द्या.

मजकूर संगणकावर लिहिताना एक अडचण हमखास येते. तुम्ही घरी युनिकोडमध्ये टंकलेखन करता आणि अनेक छापखान्यांत अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचांवर (फॉन्टांवर) काम चालते. तुमचा मजकूर तेथे उघडला, की जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या उड्या मारतात आणि कोणी तरी घाईघाईने पुन्हा टंकलेखन करताना नवीन चुका घालून ठेवतो. यावर उपाय म्हणजे पूर्ण मांडणी घरीच करून, अक्षरसंच आत अंतर्भूत असलेली पीडीएफ द्यावी आणि ती जशीच्या तशी छापण्यास सांगावे. अक्षरसंच निवडताना ‘ल’ आणि ‘श’ नीट पाहा, कारण पुष्कळ संचांत ही दोन अक्षरे हिंदी वळणाची येतात. आपल्या अक्षरांची वळणे राज्य शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने प्रमाणित केलेली आहेत. तिरो देवनागरी मराठी हा विनामूल्य मिळणारा संच मराठी वळणाचा असून पत्रिकेच्या गंभीर मजकुराला शोभतो. पत्ता आणि संपर्क यांसाठी मुक्त हा साधा, स्वच्छ संच चालेल. दोनांहून अधिक संच वापरू नका. मजकुराचे अक्षर 12 पॉइंटांपेक्षा लहान नको, कारण ही पत्रिका संध्याकाळी पडवीतल्या दिव्याखाली आजोबा वाचणार आहेत. ‘गावकऱ्यांचे’ किंवा ‘दुसऱ्या’ यांतला अर्धा र बरोबर उमटला आहे ना, हे छापील नमुन्यावरच पाहावे. नमुना कागदावर घ्यावा; मोबाइलवर आलेल्या फोटोवरून संमती देऊ नये. एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने आधार कार्डांवरची नावे समोर ठेवून ताडून पाहावे. आधार कार्ड कशासाठी, ते शेवटी सांगते.

वेळेचा हिशेब तुमच्या बाजूचा आहे. आता श्रावण चालू आहे. गणपतीला सगळे चाकरमानी गावी येतील, तेव्हा भावकी एका जागी असेल. त्या दिवसांत मजकुराचा कच्चा मसुदा सर्वांना दाखवा, नावांचे शब्दलेखन ज्याचे त्याच्याकडूनच तपासून घ्या, मुंबईचे नवे पत्ते पिन कोडसह वहीत उतरवा आणि लग्नाची तारीख तेव्हाच सांगून टाका. तारीख लवकर सांगणे आवश्यक आहे, कारण 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी खुले होते आणि कोकण रेल्वेची सोयीची गाडी पाहता पाहता भरते. पत्रिका हाती पडेपर्यंत थांबलेल्याला तिकीट मिळेलच असे नाही. तेव्हा कागदी पत्रिकेवर तारीख कळवण्याचा भार टाकू नका. पितृपक्षात घरची मंडळी छपाईला हात लावू देणार नाहीत. तो पंधरवडा भावाला चित्रासाठी आणि तुम्हाला मांडणीसाठी मिळेल. छपाई नवरात्रात द्यावी आणि दसऱ्याच्या आसपास हाती घ्यावी. दिवाळी जवळ आली, की छापखान्यांत कामाची गर्दी होते, त्यामुळे आधी बोलून ठेवलेले बरे.

दसऱ्याचा मुहूर्त मी केवळ शुभ म्हणून सुचवलेला नाही. तुमच्या आईच्या शंकेचे उत्तरही त्यातच आहे. कागद हवेतला ओलावा शोषून घेतो, त्याचे तंतू फुगतात, आणि एका बाजूने अधिक फुगले की कागद वळतो. भाद्रपदातल्या हवेत उघडा ठेवलेला जाड कागद दोन दिवसांत पन्हाळीसारखा होतो. तो तसाच यंत्रात घातला, तर नीट सरकत नाही; घरच्या प्रिंटरची पाण्यात विरघळणारी शाई अशा कागदावर पसरते आणि पुढे ओल्या बोटाच्या स्पर्शानेही पुसट होते. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस मागे फिरला, की किनाऱ्यावरची हवा कोरडी होते असे नव्हे, पण कागदाला सोसेल इतपत सुधारते. म्हणून कागद आधी आणून ठेवू नका. आणलात, तर वेष्टन फोडू नका आणि गठ्ठा आडवा, सपाट, जमिनीपासून वर ठेवा. छापून आलेल्या पत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवाव्यात आणि बुटांच्या वा औषधांच्या डब्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून त्यात टाकाव्यात. ट्रंक भिंतीला लागून ठेवू नये.

छपाईच्या पद्धतीबद्दल माझी शिफारस स्पष्ट आहे. एका रंगात, स्क्रीन प्रिंटिंगने छापून घ्या. या पद्धतीत ताणलेल्या जाळीतून दाट शाई कागदावर दाबली जाते, ती वाळली की ओलाव्याने सुटत नाही, खडबडीत कागदावरही ठळक बसते आणि बोटाला किंचित उठावदार लागते. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागत असल्यामुळे रंग वाढला की खर्च वाढतो. एका रंगात, फिक्या कागदावर गडद कुंकवाचा किंवा गर्द हिरवा, 200-250 पत्रिका हे या पद्धतीला अगदी साजेसे काम आहे. भावाचे चित्र बहुरंगी असेल, तर मात्र डिजिटल लेझर छपाई घ्यावी लागेल. त्यात रंगीत पूड उष्णतेने वितळवून कागदावर चिकटवलेली असते, त्यामुळे ती पाण्याने फुटत नाही, पण घडीवर भडक रंग आला तर तेथे तडकते. तेव्हा चित्र घडीच्या रेषेवरून जाऊ देऊ नका. पडद्यावर दिसणारा लखलखीत निळा किंवा पोपटी कागदावर मंद उतरतो, हेही भावाला आधीच सांगून ठेवा. ऑफसेट छपाई हजाराच्या घरातल्या संख्येसाठी ठीक. तुमच्या कामाला ती नको.

कागद 250 ते 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) घ्यावा. याहून पातळ घेतला तर पत्रिका हातात लुळी वाटते. मापासाठी सोपा हिशेब असा. ए-फोर कागद मधोमध कापला, की 148 गुणिले 210 मिलिमीटरचे दोन तुकडे होतात. प्रत्येकाला मधे घडी घातली, की चार पानी छोटी पत्रिका तयार होते आणि ती बाजारात मिळणाऱ्या 114 गुणिले 162 मिलिमीटरच्या पाकिटात अलगद बसते. 220 पत्रिकांना 110 कागद लागतील. नासधुशीसाठी दहा-बारा अधिक घ्या. 300 जीएसएमच्या अशा एका पत्रिकेचे वजन साडेनऊ ग्रॅमच्या आत भरते आणि पाकीट धरून ते 14-15 ग्रॅमवर जाते, म्हणजे साध्या टपालाच्या 20 ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात ती आरामात मावते. वेगळे माप, चौकोनी पाकीट किंवा आत तीन-तीन पाने अशी हौस केलीत, तर पाकिटापासून टपालापर्यंत सगळेच महाग होते. हातकागदाची आवड असेल, तर पुण्यात शिवाजीनगरला 1940 मध्ये सुरू झालेल्या हातकागद संस्थेचा सुती चिंध्यांपासून बनवलेला कागद फार देखणा आहे. मात्र तो दमट हवेत अधिक लवकर ओल धरतो आणि त्यावर छपाई करायची तर स्क्रीनच हवी.

घडीचे काम घरचे, आणि त्यात घाई करू नये. कागदाच्या तंतूंना एक दिशा असते. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहिला, की ज्या बाजूने तो सहज वाकतो ती दिशा कळते. घडी त्या दिशेने आली तर स्वच्छ पडते, आडवी आली तर कडेला कागद फाटल्यासारखा दिसतो. कागद कापायला देण्यापूर्वीच हे पाहून घ्यावे. जाड कागद थेट दुमडू नये. पोलादी पट्टी लावून, शाई संपलेल्या बॉलपेनने घडीच्या जागी एक दाबरेषा ओढावी आणि मग दुमडावे. छापखान्यात याला क्रीजिंग म्हणतात आणि थोडे पैसे दिले तर ते यंत्रावर करून मिळते. माझ्या मते ते तेथेच करून घ्यावे आणि दुमडण्याचे काम तेवढे घरी ठेवावे. कापण्याचे कामही छापखान्याच्या कटरवरच होऊ द्या, कारण कात्रीने कापलेली शंभरावी कडा सरळ येत नाही. दुमडलेल्या पत्रिका पंचवीस-पंचवीसच्या थप्प्या करून रात्रभर पाटाखाली वजन ठेवून दाबाव्यात.

सजावटीबद्दल थोडक्यात सांगते. वाळलेली फुले, लाखेची मोहोर, चिकटवलेले मणी हे सगळे टाळा. फुलांना बुरशी येते, लाख टपालात तडकते आणि मण्यांमुळे पाकीट फुगते. गव्हाच्या पिठाची खळ वापरलीत, तर कसर आणि झुरळे पत्रिका वाचण्याआधी खातील. पांढऱ्या गोंदातले पाणी कागदाला सुरकुत्या पाडते. म्हणून जेथे चिकटवणे अटळ असेल तेथे दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरावी. बांधायचेच असेल, तर काथ्याची बारीक दोरी एक वळसा घालून बांधावी; ती येथलीच आहे आणि दमट हवेने तिचे काही बिघडत नाही. चित्रासाठी सावंतवाडीच्या गंजिफांतील (हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांतील) वर्तुळाकार रचना किंवा पिंगुळीची चित्रकथी (गोष्ट सांगताना दाखवायची पारंपरिक चित्रे) पाहून भावाने स्वतःचे काही काढावे, पण एखाद्या कलाकाराचे चित्र इंटरनेटवरून उचलून छापू नये. तसेच चित्र हवे असेल, तर त्या कलाकाराला विचारून, मोबदला देऊन काढून घ्यावे. सावंतवाडी काही तुमच्यापासून दूर नाही. वारली चित्रे आता इतक्या पत्रिकांवर येतात, की मी तरी ती सुचवणार नाही.

एक सावधगिरी मात्र कळकळीने सुचवते. मानाच्या पाहुण्यांसाठी हाताने रंगवलेल्या वेगळ्या पत्रिका आणि बाकीच्यांसाठी साध्या, असा विचार तुमच्या मनात येईल. तसे करू नका. वाडीत पत्रिका शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या जातात आणि दोन प्रतींतला फरक दुसऱ्याच दिवशी गावभर होतो. सर्वांना एकच पत्रिका द्यावी. तुमचा हात दिसावा असे वाटत असेल, तर पाकिटावरचे नाव स्वतः लिहा आणि आत दोन शब्द हाताने घाला. ते प्रत्येकाचे वेगळे असले तरी कोणी तक्रार करत नाही. पत्ता साध्या बॉलपेनने लिहावा, कारण त्याची शाई तेलकट असल्याने पाण्याच्या थेंबाने पसरत नाही. जेल पेनाची बहुधा पसरते. लांबच्या आणि खात्रीने पोहोचायला हव्यात अशा पत्रिका स्पीड पोस्टाने पाठवाव्यात. 2025 पासून रजिस्टर पोस्ट त्यातच विलीन झाले आहे.

हळदकुंकू सगळ्यांत शेवटी, म्हणजे पत्रिका द्यायला निघण्याच्या दिवशी, तेवढ्याच पत्रिकांना लावावे. आधी लावून थप्पी करून ठेवलीत, तर एकीची हळद दुसरीच्या मजकुरावर उमटते. बोट जेमतेम ओले असावे, आणि पाकिटात घालण्यापूर्वी पत्रिका पंख्याखाली वाळू द्यावी. पहिली पत्रिका देव्हाऱ्यातल्या गणपतीपुढे, मग कुलदैवताला आणि ग्रामदेवतेला. देवळात गाऱ्हाणे घालताना कोणत्या मानकऱ्याला सोबत न्यायचे हे काकांना विचारा, त्यांनाही ते आवडेल. गावातल्या पत्रिका मात्र एखाद्या मुलाच्या हाती देऊन वाटू नका. घरातल्या दोघांनी जाऊन, ओसरीवर बसून, पाणी पिऊन, तोंडाने बोलावणे करावे.

यातच तुमच्या वडिलांच्या भीतीचेही उत्तर आहे. लोक चिक्कूपणा म्हणतात ते कागद पातळ असला, नावे चुकली किंवा बोलावणे निरोपावर आटोपले म्हणजे. जाड कागदावर ठळक छापलेली, नावांत चूक नसलेली आणि दोघांनी येऊन हाती दिलेली पत्रिका पाहून तसे कोणी म्हणणार नाही. त्यांच्याशी वाद घालत बसू नका. घरच्या प्रिंटरवर एक नमुना काढून, नीट दुमडून, पाकिटात घालून त्यांच्या हाती द्या आणि दोन दिवस काही बोलू नका. मात्र पैसे फार वाचतील असे त्यांना सांगू नका, कारण मधल्या दर्जाच्या तयार कार्डाच्या तुलनेत या पत्रिकेचा खर्च बहुधा तेवढाच येतो. तरीही त्यांना पटले नाही, तर छापखान्यातून तयार कार्ड घ्या आणि आतला मजकूर तेवढा तुमचा ठेवा; लग्नाच्या आधीचे दोन महिने या एका गोष्टीवरून घरात धुसफूस चालू ठेवण्याइतकी ती मोठी नाही.

राहिले आधार कार्डाचे. लग्नानंतर महाराष्ट्रातील 1998 च्या अधिनियमाप्रमाणे विवाहाची नोंदणी करावी लागते आणि ग्रामीण भागात ते काम ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) होते. त्या अर्जासोबत लग्नपत्रिका मागतात; ती नसेल तर प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागते. पत्रिकेत तुमचे घरातले लाडके नाव आणि अर्जात कागदोपत्री नाव, किंवा पत्रिकेत एक आडनाव आणि ओळखपत्रात दुसरे, असा घोळ झाला, तर खेपा वाढतात. म्हणून वधूवरांची पूर्ण नावे ओळखपत्राबरहुकूम छापा, हवे तर घरचे नाव कंसात द्या, आणि पत्रिका वाटायला काढण्यापूर्वी पाच-सहा कोऱ्या प्रती कागदपत्रांच्या फायलीत वेगळ्या ठेवा. एरवी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शोधायला गेलात, तर घरात एकही शिल्लक सापडत नाही.